डावीकडचा मोकळा माणूस

...नाही, गेला तर गेला, त्याचं एक सोडा. टीमचा मॅनेजर म्हटला की एक दिवस जायचाच, तो काय घरजावई आहे कायमचा राहायला? पण जाताना आमचा डावीकडचा माणूस खिशात घालून गेला, याला काय म्हणाल तुम्ही? खिशात म्हणजे अगदी खिशात, शर्टाच्या वरच्या खिशात, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी काय केलं, अडवलं? छे. "न्या की साहेब," म्हणालो. वर खिशाची पट्टी नीट बसवून दिली, पडू नये म्हणून.

फसवलं हो, तुम्हाला सांगतो. आणि फसवलं म्हणजे कुणी कुणाला, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही, म्हणून तर तुमच्यापुढे बोलायला बसलोय.

मी तसा कमी बोलणारा. आमची ही म्हणते, तुमचं वाक्य संपेपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, निवून जातो. आता त्यात माझा काय दोष? चाळीस वर्षं कपडे शिवतोय, चाळीस वर्षं तोंडात टाचण्या. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, बोलत असतं, सून कशी, साहेब कसा, गुडघा कसा, आणि मी खाली बसून पँटची मोहरी दुमडत हुं हुं करतो. टाचण्या तोंडात असताना माणूस बोलला तर टाचणी पोटात जाते. त्यामुळे सवयच गेली बोलण्याची. पण आज मधे थांबवू नका, एकदा थांबलो की पुन्हा सुरू व्हायला मला आठ दिवस लागतील.

तर आमची टीम, फुटबॉलची. नाव नाही घेत, घेतलं की तोंड कडू होतं. काळी जर्सी, पांढरी कॉलर. चाळीस वर्षं आम्ही चौघं एकाच पायरीवर बसून बघतोय, खालून सातवी, कोपऱ्यातल्या झेंड्याच्या सरळ रेषेत. ऊन आलं, पाऊस आला, मेव्हण्याचं लग्न आलं... ते मॅच संपल्यावर लागलं, पायरी चुकली नाही. आणि या सीझनला काय झालं? पहिल्या सतरा मॅचेसमध्ये जिंकलो दोन, आणि त्या दोनातली एक समोरच्यांची बस वाटेत बंद पडली म्हणून.

आता हे चौघं कोण, तर एक मी. दुसरा वायरमन, अख्ख्या गल्लीची वायरिंग त्याची, त्यामुळे अख्खी गल्ली अधूनमधून अंधारात. तिसरा कंपाउंडर, दवाखान्यातून रिटायर झाला पण हाताला आयोडीनचा वास अजून आहे. आणि चौथा माझा मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ. त्याचं काम एकच, काहीही झालं की म्हणायचं, "मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो." कुठला पहिला दिवस, काय म्हणाला होता, कुणालाही आठवत नाही. पण म्हणालेला असतो.

रविवारी मॅच. सोमवारी माझं दुकान बंद. बंद म्हणजे शटर अर्धं खाली, आणि आत आम्ही चौघं कटिंगच्या टेबलाभोवती. टेबल केवढं, पूर्ण सूट उलगडता येतो एवढं. त्याच्यावर मी खडूनं मैदान आखायचो, मधली रेघ, गोल, पेनल्टीची चौकट, अगदी मापात, इंचाचाही फरक नाही. दोन्हीकडे दोऱ्याची रिळं उभी केली की झाले गोलपोस्ट. चेंडू म्हणजे एक टिचबटण. आणि माणसं म्हणजे शर्टाची बटणं. समोरची टीम पांढरी, ती डब्यातल्या सुट्या बटणांतून कंपाउंडरनं गोळ्या मोजाव्यात तशी मोजून काढली, अकरा. आणि आमची टीम काळी. तिला मी डब्यातली जुनी, चिरलेली, कानेकोपरे उडालेली बटणं कशी वापरणार? आमच्या टीमसाठी बटणांचं नवं कोरं कार्ड फोडलं. एक कार्ड, एक टीम. दोऱ्यावर कात्री फिरवली आणि सगळी टेबलावर ओतली.

मग सुरू व्हायचं.

वायरमन म्हणायचा, "मास्तर, करंट पुढे जातच नाही बघा. मागून सप्लाय आहे, पुढे दिवा आहे, मधे लूज कनेक्शन. मधला हाफ बदलायला हवा."

कंपाउंडर म्हणायचा, "हाफ बदलून काय होतंय? ताप उतरला तरी रोग आतच. बॅक कमजोर आहेत. बॅकना आराम द्या."

"आराम?" मेव्हणा म्हणायचा. "गेले चार महिने ते मैदानात आरामच करतायत. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो."

आणि मी, टाचण्या तोंडात नसल्या तरी सवयीनं गप्प, हळूच एक बटण बोटानं सरकवायचो. डावीकडे. गोष्ट साधी होती हो. आपण सगळे उजवीकडून चढायचं, दडपून. समोरचे काय करणार? धावत उजवीकडे येणार अडवायला. आले की टिचबटण एकदम डावीकडे. तिथं आमचा एक माणूस. त्याच्या आसपास पांढरं बटण नाही, काही नाही, मोकळं रान. गोल.

पहिल्यांदा सरकवलं तेव्हा वायरमननं चष्मा काढून पुसला. म्हणाला, "मास्तर, हे तुम्ही शोधलंत?" मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. आयुष्यात कुणी मला असं विचारलं नव्हतं.

मग आम्ही उलटसुलट करून पाहिलं. पांढरे इकडे आणा, तिकडे आणा, सगळे मागे ओढा, वायरमननं समोरचा मॅनेजर व्हायचं, कंपाउंडरनं व्हायचं, कितीही डोकं चालवा, शेवटी डावीकडे आमचा माणूस मोकळा. दर सोमवारी. तुम्हाला सांगतो, अख्खा सीझन टेबलावर आम्ही एकही मॅच हरलो नाही.

मग मला सांगा, राग येणार की नाही? चार म्हातारे चहा पिता पिता जे बघतात, ते या मॅनेजरला दिसू नये? कोट घालून रेषेच्या कडेला उभा राहतो, हात हलवतो, आणि मैदानात बघावं तर डावीकडचा माणूस कुठं मोकळा? त्याच्या अंगावर दोन दोन जण चढलेले. आम्ही पायरीवरून ओरडायचो, म्हणजे तिघं ओरडायचे, मी मनात म्हणायचो, डावीकडे, डावीकडे माणूस मोकळा ठेवा हो. ऐकतोय कोण.

आता एक गोष्ट सांगतो ती मी त्या तिघांपासून चार महिने लपवली होती.

तो मॅनेजर माझं गिऱ्हाईक होता.

सीझनच्या सुरुवातीला आला एकदा दुपारी, दोन पँटी घेऊन. कंबर घ्यायची होती. मी टेप लावला, अडतीस. पँट चाळीसची. महिन्यानं पुन्हा आला, त्याच पँटी. टेप लावला, सदतीस. मग छत्तीस. एकदा तर दहा दिवसांत इंच गेला, तो आठवडा पाच गोल खाल्ले त्याचा. माझी ही पेपरात पॉईंट टेबल बघायची, मला गरज नव्हती, मी टेपवर बघायचो. येतानाही कसा यायचा, तर दुपारी दोनच्या सुमारास, रस्ता सामसूम असताना, टोपी कपाळावर ओढून. आरशासमोर उभा राहायचा, मी खाली बसून टाचण्या लावायचो, आणि अर्धा तास दोघांत एक शब्द नाही. हुं सुद्धा नाही.

एकदा म्हणाला, "काका, गावात सात टेलर आहेत. मी तुमच्याकडेच का येतो माहीत आहे?"

मी मान हलवली, नाही.

म्हणाला, "न्हाव्याकडे गेलो की तो टीम निवडून देतो. डॉक्टरकडे गेलो की तो नाडी धरून फॉरवर्डबद्दल बोलतो. काल माझी सासू म्हणाली, ऑफसाइडचं जरा बघा. तुमच्याकडे मला कुणी काही शिकवत नाही."

लक्षात ठेवा हं हे वाक्य. मी नाही ठेवलं.

तर सतरावी मॅच हरलो आणि आमच्या तिघांचा धीर सुटला. त्याच संध्याकाळी ठरलं, आता बॅनर. पुढच्या रविवारी मैदानात बॅनर धरायचा, साऱ्या पायऱ्यांना दिसेल असा, म्हणजे कमिटीला निर्णय घ्यावाच लागेल. काय लिहायचं यावर दीड तास. वायरमन म्हणाला, "मेन स्विच बंद करा." कंपाउंडर म्हणाला, "हे काय, लोकांना वाटेल लाइट बिल थकलंय. 'ऑपरेशन करा' लिहा." मेव्हणा म्हणाला, "लिहून काय उपयोग, मी पहिल्याच दिवशी तोंडानं म्हणालो होतो." शेवटी दोन शब्द ठरले. 'आता पुरे.' आणि शिवणार कोण, तर मी. दुकान कुणाचं, मशीन कुणाचं?

रात्रीच चार मीटर पांढरं अस्तर घेतलं, काळ्या कापडाची अक्षरं कापली, हातभर एकेक. आणि तुम्हाला खरं सांगतो, मी त्याला चारही बाजूंनी दुहेरी शिवण घातली. एका माणसाला घालवायचं कापड, पण म्हणून उसवलेलं कसं देणार? कापडाचा काय गुन्हा? आमची ही दारात उभी राहून बघत होती. मशीनच्या एका बाजूला बॅनर, दुसऱ्या बाजूला त्याची पँट, पस्तीसची पुन्हा चौतीस करायला आलेली. ही म्हणाली, "अहो, एकाच मशीनवर?"

मी म्हणालो, "हुं."

म्हणाली, "निदान दोरा तरी बदला."

नाही बदलला. काळाच होता दोन्हींना.

आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, काय घडलं ते ऐका. तिघं दुपारी जेवायला घरी गेले, टेबलावर डाव तसाच मांडलेला. मी शटर ओढायला गेलो तर हा वाकून आत. पँटेचं ट्रायल. मी घाईनं बॅनर मशीनखाली सरकवला, पण टेबल कसं सरकवणार? त्यानं पँट चढवली, मी खाली बसलो, तोंडात टाचण्या, आणि वरून आवाज आला, "काका, हे काय आहे?"

आता मला सांगा, मी गप्प राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? चाळीस वर्षं राहिलो होतो. पण मनात म्हटलं, रविवारी बॅनर उघडणार. हा माणूस जाणार. आणि त्याला वाचवेल अशी गोष्ट समोर टेबलावर पडली आहे, माझ्या हातची, आणि मी नुसता कंबर घेत बसू? मी एकेक टाचणी तोंडातून काढली. एक, दोन, तीन, सगळ्या उशीला टोचल्या. उठलो. आणि बोललो. किती बोललो असेन... हिनं नंतर सांगितलं, ती आतून ऐकत होती, वीस मिनिटं. माझ्या लग्नातसुद्धा मी एवढा बोललो नव्हतो. उजवीकडून कसं दडपायचं, पांढरे कसे ओढले जातात, टिचबटण कधी सोडायचं. तो अर्धवट टाचलेल्या पँटेत, मोजे घालून, टेबलावर ओणवा होऊन ऐकत होता. मधेच त्याचे ओठ हलले, मनाशी काहीतरी पुटपुटतोय असे. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा टेबलाकडे. मला वाटलं, भिडलं याला.

म्हणालो, "बघा साहेब. डावीकडे माणूस मोकळा."

तो म्हणाला, "हो काका. मोकळा आहे खरा."

"मोडता येईल कुणाला?"

"या टेबलावर? या टेबलावर तुम्हाला हरवणारी टीम मला तरी माहीत नाही."

मग त्यानं ते डावीकडचं बटण उचललं, चिमटीत धरलं, थोडा वेळ बघितलं. "हा मी घेऊन जाऊ?"

"न्या की साहेब," म्हणालो.

गेला. आणि मी त्या दिवशी चहात साखर किती घातली मला माहीत नाही. संध्याकाळी तिघांना बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं, चार महिने तो येतो इथपासून. वायरमन उठून उभाच राहिला. "म्हणजे तुम्ही त्याची कंबर घेत होता? आणि आम्ही इथं बसून... मास्तर, तुम्ही घरभेदी निघालात." कंपाउंडर म्हणाला, "आमच्या दवाखान्यात असं झालं असतं तर सुईसुद्धा उकळली नसती तुमच्यासाठी." मेव्हणा म्हणाला, "मी ताईला पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, हा माणूस गप्प असतो, म्हणजे आत काहीतरी आहे." सगळ्यांनी मला पायरीवरून उठवायचंच बाकी ठेवलं होतं. मग मी सांगितलं, त्यानं आपला डावीकडचा माणूस नेला. खिशात घालून. म्हणाला, हरवणारी टीम माहीत नाही.

वायरमन खाली बसला. "असं म्हणाला?"

"असंच म्हणाला."

"मग तसं सांगा की आधी."

ठरलं. बॅनर मैदानात न्यायचा, पण घडी करून. डावीकडचा माणूस मोकळा खेळवला तर घडी उघडायची नाही, हरलो तरी. नाही खेळवला, तर उघडायची. आणि घडी माझ्या बुडाखाली, कारण भरवसा आता माझ्यावर सगळ्यांचा होता आणि कुणाचाच नव्हता.

रविवार. सातवी पायरी. शिट्टी झाली. मी आमच्या डावीकडच्याकडे बघतोय, फक्त त्याच्याकडे, चेंडू कुठंय ते बघतच नाही. त्याच्या अंगावर एक पांढरा. मग दोन. मी म्हटलं थांबा, आत्ताच सुरू झालीय, आधी उजवीकडून दडपतील. पहिला गोल खाल्ला. "मास्तर?" वायरमन म्हणाला. म्हटलं, थांबा. दुसरा खाल्ला. हाफटाइम. मी म्हणालो, आता आत नेऊन सांगेल, खिशातून बटण काढून दाखवेल, बघाच. परत आले, डावीकडे पुन्हा तेच, दोघं अंगावर. तिसरा गोल. बुडाखालचं कापड टोचायला लागलं मला, खरं तर अस्तर मऊ असतं. कंपाउंडर हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, पेशंट गेला. उठा."

उठलो. काय करणार. चौघांनी चार टोकं धरली आणि उघडला. दुहेरी शिवण, कुठं सुरकुती नाही, समोरच्या पायऱ्यांपर्यंत अक्षरं लख्ख. सगळं मैदान आमच्याकडे वळलं, टाळ्या काय, शिट्ट्या काय, आणि तोही वळला. वाचलं. मग कोण धरलंय ते एकेक टोक बघत आला, आणि माझ्यापाशी थांबला. आणि त्याचा हात कोटाच्या आत गेला, वरच्या खिशापाशी. मी मनात म्हटलं, आठवलं ना? आठवलं ना आता, काय नेलं होतंस? खिशात कोंडून ठेवलास माझा माणूस, आणि तिकडे तीन गोल. चौथाही खाल्ला तेवढ्यात. फसवलंस, म्हटलं. मनातच.

सोमवारी सकाळी पेपरात दोन ओळी. मॅनेजर गेले, नवीन येणार.

आम्ही जमलो. वायरमननं बिस्किटं आणली होती. म्हणाला, "चला, नव्याला सांगायला डाव तयार ठेवू." मी खडू फिरवला, पांढरे मांडले, मग काळे. गोली, बॅक, हाफ, उजवीकडचे सगळे, आणि शेवटी डावीकडे हात गेला तर हातात काहीच नाही.

"लेफ्ट कुठाय?"

"तो घेऊन गेला ना."

"मग दुसरा द्या मागून ओढून."

मागून एक ओढला, तर मागे भगदाड. तिथं मधला नेला, तर मधे भगदाड. वायरमननं एक पांढरा टिचबटणासकट सरळ आत शिरवला, गोल. कंपाउंडर म्हणाला, द्या इकडे, आणि त्यानं उजवीकडचा काढला, तर उजवीकडून दडपणार कोण? डोकं झाकावं तर पाय उघडे. दीड तास, तुम्हाला सांगतो, दीड तास आम्ही चौघं त्या टेबलाभोवती घामाघूम, आणि सहा गोल खाल्ले. मेव्हण्यानं पहिल्या दिवसाचं नावसुद्धा काढलं नाही.

शेवटी वायरमन म्हणाला, "चोरला. जाता जाता आपली टीम मोडून गेला, बघा. एक माणूस काढला आणि सगळं सर्किट बंद."

"हलकट," कंपाउंडर म्हणाला. आणि तिघं बिस्किटांचा पुडा परत घेऊन गेले.

मी एकटाच राहिलो. आवरायला लागलो. नवं कार्ड फोडावं, त्यातलं एक काढावं म्हणून खण उघडला, तर वर जुनंच रिकामं कार्ड पडलेलं, ते ज्याच्यातून आमची टीम काढली होती. कार्डावर बटणं काढल्यावर दोऱ्याची भोकं राहतात. दोन ओळी. एका ओळीत सहा. दुसऱ्या ओळीत...

आता हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? बटणांचं कार्ड डझनाचं असतं. चाळीस वर्षं डझनानं घेतोय. माझा धंदा आहे हो तो. चौथी शिकलेलं सोडा, हे तर न शिकलेल्यालाही कळतं. समोरच्यांचे आम्ही मोजून अकरा काढले, कारण ते परके. आपली माणसं कोण मोजतो?

सीझनभर आम्ही बारा जण खेळत होतो.

मी त्या टेबलापाशी स्टुलावर बसलो. त्याचे ते हलणारे ओठ आठवले. पुटपुटत नव्हता तो. मोजत होता.

तेवढ्यात शटर हललं. टोपी नव्हती आज, लपायचं कुणापासून? पँट न्यायला आला होता. मी ती कागदात गुंडाळली, दोरा बांधायला वेळ लागला. तो थांबला. मग म्हणाला, "काका, बॅनरची शिवण चांगली होती. दुहेरी होती ना?"

मी म्हणालो, "हुं."

मग माझ्याच्यानं राहवेना. "साहेब... बारा होते."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

तो माझ्याकडे बघून हसला, जरासंच. म्हणाला, "काका, चार महिन्यांत तुम्ही पहिल्यांदाच बोलत होतात."

त्यानं खिशातून बटण काढलं आणि टेबलावर ठेवलं, नेमकं डावीकडे. मी टेप उचलला, म्हटलं, जाता जाता एकदा बघू द्या. त्यानं हात वर केले. तेहतीस. मी पँट पुन्हा कागदातून काढली, पुन्हा अर्धा तास मशीनवर बसलो, आणि दोघांत एक शब्द नाही. शटरपाशी वाकून तो बाहेर गेला, तो गेलाच.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, मग तिघांना सांगितलंत की नाही? हेच, हेच मला हिनं विचारलं. मीही आठ दिवस तेच ठरवत होतो. वाक्य जुळवत होतो, माझं वाक्य जुळायला वेळ लागतो. पुढच्या सोमवारी तिघं आले. नवा मॅनेजर पहिलीच मॅच हरलेला, तीन शून्य. तोंडं उतरलेली. वायरमननं चष्मा काढून पुसला, म्हणाला, "मास्तर, आता आपल्यात काही राहिलं नाही हो. तो माणूस गेला तेव्हाच सगळं गेलं." कंपाउंडरनं टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. मेव्हणा तर चक्क म्हणाला, "मला काही कळत नाही." चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी तोंड उघडलं. बारा म्हणणार होतो, अगदी ओठावर होतं.

आणि त्या तिघांकडे बघून मी खिशात हात घातला, बटण काढलं आणि म्हणालो, "सापडलं. त्याच्या खिशातून पडलं असणार, मशीनखाली होतं."

काय सांगू तुम्हाला... वायरमन स्टुलावरून उठला. कंपाउंडरनं बाही वर केली. दोन मिनिटांत डाव मांडला, उजवीकडून दडपलं, पांढरे धावत आले, टिचबटण सुटलं, आणि डावीकडे माणूस मोकळा. गोल. मेव्हणा म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, तो चोर नव्हता." आणि या नव्या मॅनेजरला एवढी साधी गोष्ट दिसत नाही, म्हणून तिघं आता पुन्हा चिडलेत, अगदी छान चिडलेत.

फसवतोय मी त्यांना. दर सोमवारी फसवतोय. गेल्या पाच सोमवारी टेबलावर आम्ही हरलेलो नाही. काल मात्र वायरमन म्हणाला, नवा बॅनर शिवावा लागेल. मी काही बोललो नाही.

तोंडात टाचण्या होत्या.